शिवणीचं पाऊल

माझ्या भावाचा, सुहासचा, उजवा पाय मांडीतून काढला त्या वर्षी मी नववीत होते आणि तो अकरावीत. मी त्याला दादा म्हणायचे. साल मुद्दामच लिहीत नाही; लिहिलं की दादा आज केवढा असता याचा हिशेब करत बसते, आणि मग त्या दिवशी हातून दुसरं काही होत नाही. आम्ही तेव्हा डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रस्त्याच्या आतल्या बाजूला एका दुमजली इमारतीत राहायचो. दोन खोल्या आणि मागे लांब, अरुंद गॅलरी. संध्याकाळी वारा पडला की एमआयडीसीतला कडवट वास त्या गॅलरीत येऊन बसायचा. आई म्हणायची, "आला पाहुणा," आणि खिडक्या लावून घ्यायची. मग आत कुळथाच्या पिठल्याला लसणीची फोडणी पडायची, रेडिओवर बातम्या लागायच्या, आणि बाहेर गॅलरीच्या टोकाला, त्या वासाची पर्वा न करता, बाबांचा रंधा चालायचा. सर्र, सर्र, थोडं थांबून पुन्हा सर्र. मी बीजगणित त्या तालावर सोडवलेलं आहे. रविवारी दुपारी बांगडे तळायचे तेव्हा त्या वासात भुशाचा गोडसर वास मिसळायचा, आणि अजूनही कुठे सुताराचं काम चालू असलं की मला उगाच भूक लागते.

बाबा एका ओतकामाच्या कारखान्यात पॅटर्नमेकर होते. हे आता समजावून सांगावं लागतं. लोखंडाची एखादी वस्तू ओतायची तर आधी ती तशीच्या तशी लाकडात करावी लागते. तो लाकडी नमुना वाळूत दाबून काढून घेतला की वाळूत पोकळी राहते आणि तिच्यात वितळलेलं लोखंड ओततात. बाबा हे नमुने करायचे. लोखंड गार होताना आकसतं, म्हणून नमुना मूळ मापापेक्षा किंचित मोठा ठेवावा लागतो. त्या किंचितला ते "आटण" म्हणायचे. हा शब्द कारखान्यातून घरातही आला होता. आई आमचे शाळेचे कपडे शिवायला टाकून आली की बाबा पहिला प्रश्न विचारायचे, "आटण धरलीस ना?" एरवी ते फारसं बोलत नसत. त्यांना जे सांगायचं असेल ते करून दाखवायची सवय होती. माझ्या पाटीची चौकट तुटली तेव्हा त्यांनी एका कोपऱ्याला कूस, म्हणजे पुढे आलेली जीभ, काढली, दुसऱ्याला खाच पाडली, दोन्ही एकमेकांत सरकवून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ओढ." मी ओढून ओढून दमले. ते हसले, आणि झालं, तेवढंच आमचं बोलणं.

दादाला मात्र लाकडाचं प्रेम नव्हतं. तो बडबड्या, आळशी आणि नकला करण्यात पटाईत. घरमालकांचं खाकरणं, समोरच्या वहिनींचं "अगं बाई". बाबा काम करताना स्वतःशी पुटपुटायचे, तेही तो हुबेहूब करायचा. बाबांना चिडवायचा त्याचा ठरलेला विषय होता. "बाबा, लाकूड संपलं आता. बादल्या प्लास्टिकच्या झाल्या, खुर्च्या झाल्या. मी तर प्लास्टिकचा कारखाना काढणार. तुम्हाला मॅनेजर ठेवीन." बाबा रंधा न थांबवता म्हणायचे, "प्लास्टिकला रेषा नसतात. कुठून तुटेल ते कळत नाही." "तुटलं की वितळवायचं, पुन्हा नवीन!" दादा म्हणायचा. हे असं वर्षानुवर्षं चालू होतं, आणि मला वाटतं दोघांनाही ते आवडायचं.

गुडघा दुखायला लागला तेव्हा तो कुठेतरी धडपडला असणार असंच सगळ्यांनी धरलं. आईने हळद-तुरटीचा लेप घातला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. सूज उतरेना, उलट गुडघ्याच्या वर एक टणक उंचवटा आला, तेव्हा फोटो काढला, आणि तो फोटो पाहून डॉक्टरांनी आम्हाला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथले डॉक्टर तरुण होते, हळू आवाजात बोलायचे. हाडाचा कॅन्सर आहे, पाय काढावा लागेल, असं त्यांनी सांगितलं तेव्हा आईने पदर तोंडाला लावला. बाबांनी एकच विचारलं, "कुठून?" डॉक्टरांनी स्वतःच्या मांडीवर हाताची कड ठेवून दाखवली. बाबा त्या जागेकडे बघत राहिले. मागे एकदा नात्यातल्या एका डॉक्टर मुलीने मला सांगितलं की आता पुष्कळ वेळा पाय वाचवतात, आतलं हाड काढून धातूचं बसवतात. ती चांगल्या मनाने सांगत होती. मी हो हो म्हटलं, आणि घरी येऊन दिवा न लावता नुसती बसून राहिले.

दादा कुबड्या घेऊन घरी आला. त्याच्यासाठी पुढच्या खोलीतली खाट खिडकीशी ओढली. कृत्रिम पायाचं बाबांनी हॉस्पिटलात विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, "मिळेल, पण इतक्यात नाही. इंजेक्शनं संपू देत. मांडीची सूज उतरते, मांस कमी होतं, माप बदलत राहतं. आत्ता केलेला पाय पुढे बसणार नाही." त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पण बाबांना त्यातलं थांबायचं तेवढं ऐकू आलं, आणि थांबणं त्यांना जमत नव्हतं. घरी आल्यापासून ते दादाच्या खाटेसमोर बसायचे आणि चादरीखाली जिथे पाय संपायचा तिथे बघायचे. एका संध्याकाळी दादाच म्हणाला, "बाबा, काय बघताय एवढं?"

"माप," बाबा म्हणाले.

आई पोळ्या लाटत होती, तिचं लाटणं थांबलं. दादाने चादर बाजूला केली. "मग नीट घ्या ना. अंदाजपंचे काय बघताय?"

बाबांनी शिवणीचं लाकूड आणलं. शिवण हलकी असते, वाळल्यावर वाकत नाही, चिरत नाही; कारखान्यात ते नाजूक नमुन्यांना तीच वापरायचे. मांडी ज्याच्यात बसते तो वरचा पेला आधी कोरायला घेतला. बाहेरून रंधा आणि कानस, आतून गोल पटाशी. आतला आकार मांडीला नेमका बसायला हवा. एखादी जागा उंच राहिली तर तिथे कातडी सोलून निघणार, खोल गेली तर पाय हलणार. कारखान्यात दोन पृष्ठभाग एकमेकांना कुठे टेकतात ते बघायला एकाला रंग लावतात. बाबांनी आईकडे कुंकू मागितलं.

"कुंकू? अहो, त्याच्या पायाला?"

"आत लावायचं. जिथे टेकेल तिथे त्याच्या अंगावर उठेल. मग तिथलं लाकूड काढायचं."

आई आत गेली. दुसऱ्या दिवशी तिने बाजारातून वेगळी पुडी आणली. "ही घ्या. माझ्या करंड्यातलं नाही देणार," म्हणाली. मग रोज संध्याकाळी तेच सुरू झालं. कुंकू तेलात कालवून बाबा पेल्याच्या आत बोटाने फासायचे, दादा माझ्या खांद्याचा आणि खिडकीचा आधार घेऊन उभा राहायचा, मांडी आत घालायचा, थोडा भार द्यायचा, आणि बाहेर काढली की मांडीवर लाल डाग उठलेले असायचे. बाबा ते डाग बघून गॅलरीत जायचे आणि पटाशीने कणकण लाकूड काढायचे. दादा मला म्हणायचा, "नीलू, मला आता चैत्राच्या हळदीकुंकवाला बोलवा. ओटी पण भरा." आई हसायची आणि हसता हसता आत निघून जायची.

पाऊल त्यांनी सगळ्यात शेवटी केलं, आणि त्याला सगळ्यात जास्त वेळ घेतला. दादाचा डावा पाय समोर ठेवून उलटा उजवा कोरला. टाच, घोटा, सगळं. पावलाला खाच पाडून घोट्याच्या ठोकळ्याची कूस त्यात बसवली आणि गरम सरसाने जोडली, खिळा मारला नाही. त्या दिवशी घरभर सरसाचा खुरासारखा वास होता. मग एक दिवस शाळेतून आले तर बाबा पावलाला बोटं कोरत होते. पाचही बोटं, नखांसकट. दादाची करंगळी शेजारच्या बोटावर थोडी चढलेली होती, तीसुद्धा तशीच.

"बोटं कशाला?" आईने विचारलं. "बुटात जाणार ना ते?"

"असू देत," बाबा म्हणाले.

पाय पुरा होईपर्यंत पेला सैल झालेला होता. कुंकू लावून बघितलं तर मांडीवर डागच उठले नाहीत. नुसती कडेला एक लाल रेघ आली. बाबांनी पुन्हा लावलं, पुन्हा बघितलं. "माझं माप चुकलं," ते म्हणाले. आत पातळ कातडं चिकटवून बघितलं. आठवडाभर बरं बसलं, मग तेही सैल. एव्हाना इंजेक्शनं जोरात चालू होती. दादाचे केस गेले होते. फोडणीच्या वासाने त्याला उलटी व्हायची, म्हणून आईने फोडणी देणंच बंद केलं. आम्ही सगळे पेज, उकडलेला बटाटा, मीठ-भात खायचो. घराला कशाचाच वास येत नसे, आणि एमआयडीसीचा वास आला तरी खिडक्या लावायचं कुणाला सुचत नसे.

तेव्हा फ्रान्सिसकाका आले. ते बाबांच्याच कारखान्यात पत्र्याचं आणि वेल्डिंगचं काम करायचे, ठाण्याजवळच्या एका जुन्या ख्रिस्ती गावातले. तिथे त्यांची थोडी भातशेतीही होती. नाताळात ते आम्हाला फुगे आणून द्यायचे, तळलेले, गोडसर. त्यांनी दादाच्या पाठीवर थाप मारली. "काय रं बाला, बापानं तुला लाकडात बशिवला व्हय? थांब, मी पत्र्यात बशिवतो. ढिला झाला का पट्टा आवळायचा, हाय काय न् नाय काय." त्यांनी ॲल्युमिनियमचा पत्रा आणला, वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोडीने ठोकून ठोकून त्याला मांडीचा गोलावा दिला, उभी फट ठेवली आणि तिच्यावर तीन कातडी पट्टे रिबिटांनी, म्हणजे टोकं चेपलेल्या खिळ्यांनी, बसवले. खालची नडगीही पत्र्याची केली, ती बाबांच्या घोट्याच्या ठोकळ्याला रिबिटांनी पक्की केली. गुडघ्याला बिजागरी घातली. तो सगळा ठोकाठोकीचा आवाज दिवसभर इमारतीत घुमत होता, आणि एरवी रेडिओ मोठा झाला तरी भिंत वाजवणारे शेजारी त्या दिवशी कुणी काही बोलले नाहीत. उलट समोरच्या वहिनींनी सगळ्यांना चहा पाठवला. त्यांच्या त्या गप्पपणाने मला पहिल्यांदा भीती वाटली.

पट्टे आवळत आवळत काही आठवड्यांत शेवटच्या भोकाला आले. बाबा नवीन भोक पाडायला टोचा घेऊन बसले होते. दादा त्यांच्याकडे बघत होता. तो त्यांच्याच पुटपुटण्याच्या आवाजात म्हणाला, "आटण धरायला विसरलात तुम्ही, बाबा."

नक्कल अगदी हुबेहूब होती. बाबांच्या हातातला टोचा तसाच राहिला. ते उठून गॅलरीत गेले आणि कठड्याला धरून बाहेर बघत उभे राहिले. दादा मला म्हणाला, "जा ना, नीलू. बघ जरा." मी गेले, पण त्यांच्याजवळ जाऊन काय करायचं ते मला कळलं नाही. मी नुसती शेजारी उभी राहिले. त्यांचा खांदा हलत होता.

त्यानंतर बाबांनी प्लास्टिक करायचं ठरवलं. पत्रा एकदा ठोकला की ठोकला. प्लास्टिक मात्र पुन्हा गरम करून नव्या मापावर बसवता येतं, हे त्यांनी कुठूनतरी माहिती काढून आणलं. दादाला त्यांनी हे सांगितलं तेव्हा त्याने दोन्ही हात वर केले. "जिंकलो! नीलू, लिहून ठेव, बाबा प्लास्टिकवर आले!" बाबा म्हणाले, "आलो बाबा, आलो." कितीतरी दिवसांनी आम्ही सगळे एकदम हसलो.

फ्रान्सिसकाकांच्या ओळखीने एमआयडीसीत प्लास्टिकचे डबे बनवणाऱ्या एका छोट्या शेडमध्ये सुट्टीच्या दिवशी भट्टी वापरायला मिळाली. दादाने हट्टच धरला, मी येणार. त्याला रिक्षात घालून नेलं. आईही आली, तिने बरोबर लिंबाचं सरबत घेतलं होतं. त्याच्या मांडीचा प्लास्टरचा साचा बाबांनी आदल्या दिवशी करून वाळवला होता. तो उलटा करून पाइपाच्या तुकड्यावर उभा ठेवला, त्यावर पायमोजा ओढला. भट्टीत दुधासारखा पांढरा, जाड प्लास्टिकचा पत्रा टाकला. थोड्या वेळाने फ्रान्सिसकाकांनी दार उघडून दादाला म्हटलं, "बघ रं बाला." पांढरा पत्रा काचेसारखा पारदर्शक झाला होता, पलीकडची भट्टीची जाळी त्यातून दिसत होती. दादा तोंड उघडं ठेवून बघत राहिला. बाबांनी आणि काकांनी हातमोजे घालून तो लोंबता पत्रा उचलला, साच्यावर टाकला आणि दोन्हीकडून खाली ओढला. बाबा तळव्यांनी दाबत होते, घडी पडू नये म्हणून बोटं सारखी फिरवत होते, आणि हळूहळू त्यांच्या हाताखाली तो पारदर्शक पत्रा पुन्हा पांढरा होत गेला. लाकडाशिवाय कशालाही हात न लावणारे माझे बाबा. त्यांच्या कपाळावरून घाम साच्यावर टपकत होता.

गार झाल्यावर कडा करवतीने कापल्या, कानशीने घासल्या, मेणबत्तीच्या ज्योतीवरून फिरवून गुळगुळीत केल्या. प्लास्टिकला सरस धरत नाही, म्हणून गुडघ्याच्या पट्ट्या रिबिटांनीच बसवाव्या लागल्या. पत्र्याची नडगी जुनीच, पाऊल तेच शिवणीचं. दुपारपर्यंत पाय उभा राहिला. बाबांनी आत कुंकू फासलं, दादाने पाय घातला, काढला, आणि मांडीवर सगळीकडे सारखा, फिकट, एकसंध लाल रंग उठलेला होता. कुठे डाग नाही, कुठे कोरी जागा नाही.

"बसला," बाबा म्हणाले.

दादाने पुन्हा पाय चढवला. कमरेचा पट्टा आवळला. एका हातात कुबडी घेतली आणि मशिनपासून दाराकडे चालायला लागला. बिजागरी कटकट वाजत होती. आई पुढे जाऊन दारात उभी राहिली, तो लहान असताना राहायची तशी, हात पसरून. अर्ध्या वाटेवर तो थांबला. पुन्हा दोन पावलं टाकली, पुन्हा थांबला. चेहरा पांढरा पडला होता, तोंडाने श्वास घेत होता. बाबा धावले. "जड होतोय. पाय जड झालाय. नडगी हलकी करू, पावलाची टाच आतून कोरून काढू..."

"बाबा," दादा म्हणाला. "पाय जड नाहीये. श्वास पुरत नाहीये मला."

शेडमध्ये पंखा फिरत होता. फ्रान्सिसकाकांनी स्टूल आणलं आणि त्याला बसवलं. आईने सरबत त्याच्या ओठांना लावलं. त्याने दोन घोट घेतले आणि मग खोकला आला तो थांबेना.

पुढच्याच आठवड्यात छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी आई-बाबांना आत बोलावलं, आम्हाला बाहेर बाकावर बसवलं. दादाला सगळं माहीत होतं. तो म्हणाला, "नीलू, ते बाहेर आल्यावर बाबा काहीतरी मोजायला लागतील बघ." दोघं बाहेर आले. बाबांनी दादासमोर वाकून त्याच्या पायाचा पट्टा तपासला.

घरी आल्यावरही बाबा थांबले नाहीत. नडगीचा पत्रा कानशीने घासून पातळ केला. पावलाच्या तळातून लाकूड कोरून काढलं. प्लास्टिक पुन्हा गरम करायला त्या शेडमध्ये दोनदा जाऊन आले, दर वेळी पेला आणखी अरुंद करून आणला. दादा आता उठून बसतही नव्हता. माप घ्यायला बाबा त्याला कुशीवर वळवायचे आणि तो वळायचा. बोलायला लागला की धाप लागायची, म्हणून नकला बंद झाल्या होत्या. मी शाळेत जायचे, यायचे. वर्गात कुणीतरी हसलं की मला त्याचा राग यायचा. देवाला काय सांगायचं ते आई रोज सांगत होती. मी सांगणं सोडलं होतं. एका दुपारी बाबा गॅलरीत तो पाय मांडीवर घेऊन त्याची कड घासत होते. आई आतून आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. आईला मी बाबांशी चढ्या आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं, त्या दिवशीही नाही.

"अहो," ती म्हणाली, "आता त्याच्याजवळ बसा. त्या पायाजवळ नका बसू."

बाबांनी कानस खाली ठेवली. हात धुतले, बराच वेळ धुतले, आणि आत येऊन खाटेच्या कडेला बसले. दादाने डोळे उघडले. त्याने बाबांचा हात धरला.

"त्या दिवशी बसला होता ना, बाबा? शेडमध्ये?"

"बसला होता."

"मग झालं."

तो गेला तेव्हा दुपारचे भांड्यांचे आवाज चालू होते. आई त्याच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होती. बाबा खाटेवरच होते. आईने सांगितलं त्या दिवसापासून ते कामावर गेलेच नव्हते.

घर माणसांनी भरलं. तयारी होत असताना आई अचानक उठली, गॅलरीत गेली आणि तो पाय घेऊन आली. "हा त्याच्याबरोबर द्या," म्हणाली. "एका पायावर नको जायला." पाय कुणी उचलायचा हे कुणाला कळेना. तेव्हा मुली स्मशानात जात नसत, पण मी पाय उचलला आणि चालायला लागले, आणि मला कुणी थांबवलं नाही.

तिथल्या माणसाने लाकडं रचली होती. माझ्या हातातला पाय पाहून तो बाबांकडे वळला. "साहेब, राग मानू नका. लाकूड असेल तर ठेवा. हे प्लास्टिक नको, पत्रा नको. प्लास्टिक वितळून अंगाला चिकटतं."

बाबांनी माझ्या हातातून पाय घेतला. ओट्यावर बसले आणि तो मांडीवर आडवा घेतला. घोट्याचा ठोकळा रिबिटांनी पत्र्याला पक्का होता, तो सुटणार नव्हता. सुटला असता तो पावलाचा सांधा. त्यांनी पाऊल धरून हलवून पाहिलं. हललं नाही. तळहाताने हळू ठोकलं. नाही. माझे एक मामा म्हणाले, "दाजी, तोडून टाका ना. किती वेळ लोकांना..."

"चिरेल," बाबा म्हणाले. मग फ्रान्सिसकाकांकडे बघून म्हणाले, "सरस चांगला धरलाय. गरम पाणी लागेल."

काका बाहेर चहाच्या टपरीवर गेले आणि किटलीभर उकळतं पाणी घेऊन आले. बाबांनी सांध्यावर बारीक धार धरली. थांबले. पुन्हा धार धरली. सरस गरम पाण्याने विरघळतो, पण त्याला वेळ द्यावा लागतो. सगळे उभे होते. दादा तिथे झोपलेला होता. बाबांनी अंगठ्याने सांध्याची फट चाचपून पाहिली, पाऊल दोन्ही हातांत धरलं आणि सावकाश, सरळ रेषेत ओढलं. कूस खाचेतून अखंड बाहेर आली. कुठे कपचीसुद्धा उडाली नाही. त्यांनी सदऱ्याच्या टोकाने पाऊल कोरडं केलं, बोटांच्या मधली जागासुद्धा पुसली, आणि उठून ते जिथे असायला हवं होतं तिथे ठेवलं. प्लास्टिक आणि पत्रा ओट्यावर राहिला. तो फ्रान्सिसकाकांनी पिशवीत घालून नेला, पुढे त्याचं काय केलं ते मी कधी विचारलं नाही.

तेराव्यानंतर बाबा कामाला जायला लागले. कारखाना बंद पडेपर्यंत नमुने करत होते, आणि लोक सांगायचे की काम पूर्वीसारखंच चोख होतं. पण घरातली हत्यारं त्यांनी फ्रान्सिसकाकांना देऊन टाकली. गॅलरी रिकामी झाली. आईने तिथे तुळस आणि कपड्यांची दोरी आणली. आज त्या जागी बारा मजली टॉवर आहे. मी कुणाकडे तरी त्या बाजूला गेले तर रिक्षातून मान वर करून बघत नाही.

दादा गेला त्या वर्षीच्या दिवाळीच्या आधी आमच्या पुढच्या दाराची कडी निखळली. चौकटीतलं लाकूड कुजलं होतं, स्क्रू धरेनात. बाबा खुर्चीत पेपर वाचत होते. आई दारापाशी उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी पेपर खाली केला, कडीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "बाहेरून सुतार बोलाव."

सुतार आला. त्याने कुजकं लाकूड न काढताच वर पट्टी ठोकली आणि कडी तिरकी बसवून गेला. बाबांनी उठून एकदा कडी लावून पाहिली. ती पूर्ण लागत नव्हती. त्यांनी दार खांद्याने दाबून धरलं, कडी कशीबशी सरकवली आणि पुन्हा पेपर घेऊन बसले. त्या घरात आम्ही पुढे बरीच वर्षं होतो. दार लावताना आम्ही तिघंही खांदा लावायचो, आणि ते नीट करून घेऊ असं कुणीच कधी म्हणालं नाही.